लाकूड का जाळता?

बहरीनला थंडी पडते असं सांगितलं की चिपळूणच्या आमच्या शेजारणी माझ्याकडे जरा कीव आल्यासारख्या बघतात. सून तर एकदा म्हणाली, "अम्मी, वाळवंटात कसली थंडी? तुम्हाला तेव्हा ताप आला असेल." मी वाद घालत नाही. पण ज्यानं तिथला जानेवारी काढला आहे त्याला ठाऊक आहे की ती थंडी रस्त्यावर नसते, घरात असते. घरं सगळी उन्हाळ्याशी लढायला बांधलेली. उंच छत, पायाखाली गुळगुळीत फरशी, भिंतीत खिडकीचा एसी बसवायला पाडलेलं चौकोनी भोक आणि त्या भोकाच्या कडेनं बोटभर फट. डिसेंबर अर्धा सरला की उत्तरेचा वारा सुटायचा आणि त्या फटीतून घरात शिटी वाजवत यायचा. समुद्राची ओल गोधडीत शिरायची. घरात स्वेटर घालायचा आणि बाहेर उन्हात जाऊन काढायचा, अशी आमची उलटी तऱ्हा होती.

आम्ही अदलियाच्या मागच्या अंगाला एका जुन्या अरबी घरात राहायचो. मध्ये उघडं अंगण, त्याला तिकडे हौश म्हणतात, आणि चार बाजूंना चार खोल्या. दोन आमच्या होत्या. (त्या गल्लीत आता कॉफीची दुकानं झाली आहेत असं माझी बहीण तस्नीम सांगते. बाहेर बसणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी म्हणे गॅसच्या उंच छत्र्या पेटवतात. एका दुकानात तर नुसती शोभेला लाकडं रचून ठेवली आहेत. ते ऐकून मला अब्बांची फार आठवण आली. शोभेची लाकडं ही कल्पना त्यांना समजावून सांगायला मला एक अख्खा हिवाळा लागला असता.)

अब्बा सुतार. दारं आणि कपाटं बनवणाऱ्या एका वर्कशॉपात कामाला होते. मी लहान असतानाच ते बहरीनला गेले, दर दोन वर्षांनी दोन महिने सुट्टीवर यायचे, आणि आम्हा तिघींना, म्हणजे आईला, मला आणि तस्नीमला, त्यांनी बोलावून घेतलं तेव्हा माझी बारावी रत्नागिरीत नुकतीच झाली होती. आमच्यात कुणी अम्मी म्हणतात, कुणी अम्मा. आमच्या घरी आईला आईच म्हणायचे. आमची घरातली बोली मात्र कागदावर उतरवायला मला अजून संकोच वाटतो, म्हणून ती इथे अधूनमधूनच डोकावेल.

अब्बांनी तेलाचं एक पिंप आडवं कापून त्याची शेगडी केली होती. ती हौशात तीन विटांवर बसवलेली असायची. संध्याकाळी ते वर्कशॉपातून येताना सायकलच्या मागे पॅलेटची लाकडं बांधून आणायचे. पॅलेट म्हणजे जहाजातून माल उतरवताना खाली असतात त्या फळ्यांच्या चौकटी. त्यांना खिळे फार. अब्बा जमिनीवर बसून फळी उकलायचे आणि मी समोर पक्कड घेऊन खिळे उपटायची. उपटलेला खिळा दुधाच्या पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायचा, ठण् असा आवाज यायचा. कितीही काढले तरी काही राहायचेच. ते दुसऱ्या दिवशी सकाळी राखेत सापडायचे, आणि आई जुन्या रेडिओतलं लोहचुंबक राखेत फिरवून ते वेचायची, शिव्या न देता पण ओठ हलवत.

थंडीत एसी बंद असायचे. उन्हाळाभर त्यांच्या घरघरीत बुडालेले आवाज मग ऐकू यायचे. दोन मशिदींची अजान एकामागून एक, जराशा अंतरानं. कुणाच्या तरी घरात कपबशा धुतल्याचा आवाज. पाइनचं लाकूड तडतडायचं. मगरिबची नमाज झाली की माणसं जमायला लागायची. आई डब्यातल्या घट्ट दुधाचा चहा करायची, राखेत रताळी पुरायची, आणि निखाऱ्यांवर गावाहून आलेले सुके बोंबील भाजायची. ज्वाळा बसल्या, धूर संपला की अब्बा निखारे घमेल्यात घेऊन खोलीत आणायचे. त्यावेळी दाराच्या फटीत अब्बांच्या दोन्ही चपला उभ्या खोचायच्या, म्हणजे दार कुणाला लावता येऊ नये. बंद खोलीत निखारे माणूस मारतात हे आईला नीट ठाऊक होतं, आणि त्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नसे. दार उघडं ठेवून खोली गरम करायची, याची तस्नीमला गंमत वाटायची. ती ईसा टाउनच्या इंडियन शाळेत जायची आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीतच उत्तर द्यायची. "धिस मेक्स नो सेन्स," ती म्हणायची आणि घमेल्याला चिकटून बसायची.

नेमाचे पाहुणे दोन. एक शरीफचाचा, दापोलीचे, बंदरावर कारकून. दुसरे पाटणकर काका, डोंबिवलीचे, एका कंपनीत हिशेबनीस. ते गल्लीच्या तोंडाशी कंपनीच्या फ्लॅटमध्ये राहायचे आणि दिवसाआड "सहज डोकावलो" म्हणत यायचे. त्यांच्या घरी मासळी चालत नव्हती. ते वाऱ्याच्या उलट बाजूला बसायचे, बोंबलाचा वास आपल्याला मुळीच त्रासाचा नाही असं आईला दर वेळी सांगायचे, आणि आईनं बशी पुढे केली की फक्त चव बघायचे. चव बघायला त्यांना चार बोंबील लागायचे.

आता कॉलेजचं सांगते. ईसा टाउनमध्ये एका भाड्याच्या इमारतीत दुपारी ते भरायचं. आमच्या खानदानात सातवीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी बारावी झाले तेच आमच्या वाडीला पुष्कळ वाटलं होतं. शिकणं सगळं इंग्रजीतून, आणि माझं इंग्रजी म्हणजे मी मनात आधी वाक्य जुळवायची आणि ते जुळेपर्यंत वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असायचा. त्यामुळे मला प्रवेश मिळाला तो दोन वर्षांनी आणि अटीवर. पहिल्या वर्षाचे सगळे पेपर सुटले पाहिजेत, एकही राहिला तर जागा गेली. समाजशास्त्राच्या पेपरात पाहणी करून अहवाल लिहायचा होता. तोंडी परीक्षेला मी घाबरायची, लेखी परीक्षेला त्याहून जास्त, तेव्हा हा अहवालच काय तो मला तारेल असं मी ठरवून टाकलं.

आमच्या सबनीस मॅडम पुण्याच्या. नवरा बँकेत, राहायला जुफैरला. वर्गात इंग्रजी, पण वर्गाबाहेर माझ्याशी मराठी बोलायच्या, इतकं स्वच्छ की मला उत्तर देताना आपल्या तोंडात रताळं आहे असं वाटायचं. त्यांनी विषय मागितला. बाकीच्यांनी टीव्ही, शॉपिंग, असे विषय घेतले. मी म्हटलं, "घरं ऊब घ्यायला लाकूड का जाळतात." मॅडमनी चष्मा वर केला. "बहरीनमध्ये?" मी मान हलवली. "कर," त्या म्हणाल्या. "मला स्वतःला जाणून घ्यायला आवडेल."

त्या वाक्यानं मी आठवडाभर हवेत होते. मी प्रश्नावली बनवली. तुम्ही लाकूड का जाळता? अ, हिटर परवडत नाही. ब, विजेची जोडणी पुरेशी नाही. क, सवय. ड, इतर. वीस घरांचे वीस कागद शरीफचाचांनी बंदरावरच्या मशीनवर छापून आणून दिले. माझी पहिली चूक अशी झाली की ते कागद काढताना मी शेकोटीपाशी सगळ्यांना सांगितलं, यावर माझं कॉलेज अवलंबून आहे. मला वाटलं, त्यामुळे लोक मनापासून उत्तरं देतील. आणि त्यांनी अगदी मनापासूनच दिली.

पहिलं घर उम्म जासिमचं. ही आमच्या घरमालकाची आई, भिंतीपलीकडे मोठ्या घरात राहायची. जुन्या बहरीनी बायकांसारखी हिंदी बोलायची, व्याकरण स्वतःचं. तिच्याही हौशात रोज लाकूड पेटायचं. मी कागद वाचून दाखवला.

"ये चार में कौनसा अच्छा?" तिनं विचारलं.

"अच्छा-बुरा नहीं, खाला. जो सच है वो."

"वो मालूम. मगर तुम्हारा मुदर्रिसा को कौनसा पसंद?"

मुदर्रिसा म्हणजे शिकवणारी बाई. मी गोंधळले. म्हटलं, बहुतेक सगळे 'अ' म्हणतील असा माझा अंदाज आहे. पुस्तकात तसं लिहिलेलं असतं.

"खलास," ती म्हणाली. "लिखो, हिटर मफी." मफी म्हणजे नाही. तिच्या मागे भिंतीला एक हिटर लावलेला होता. मला तो दिसत होता. मी खाली मान घालून 'अ'वर खूण केली. मोठ्या माणसाला खोटं कसं म्हणायचं?

पाटणकर काका तर वगळल्याबद्दल रुसले. मी म्हटलं, काका, तुम्ही लाकूड जाळत नाही. ते म्हणाले, "अगं जुबेदा, पण शेकतो कोण? मी उपभोक्ता आहे. उपभोक्त्याला विचारत नाहीस तर कसली पाहणी?" मग पेन काढून स्वतःच 'अ'वर खूण केली आणि वर समजावलं, "आकडे एका बाजूला झुकले की अहवाल ठाम दिसतो. मी आयुष्यभर ताळेबंद केलेत." शरीफचाचांनी 'अ' केलं. त्यांनी पुढच्या सात-आठ घरांत मी पोचायच्या आधी निरोपही पोचवला. मी दार वाजवलं की लोक हसून म्हणायचे, "तू सुताराची पोर ना? अ लिही, अ." एका घरात मला जेवायलाही घातलं.

वीसपैकी वीस. मी त्याचा गोल काढला, केकसारखा, आणि तो पूर्ण लाल रंगवला. रंगवताना मला काहीतरी चुकतंय अशी शंका आली होती का? आली होती, असं आज म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे मी रंग कडेच्या बाहेर जाऊ नये एवढीच काळजी घेत होते.

मॅडमनी तो अहवाल परत देताना मला वर्ग सुटल्यावर थांबवलं. "बस," त्या म्हणाल्या. "हे तू घरी बसून भरलंस का?"

"नाही मॅडम."

"वीसपैकी वीस. जुबेदा, या बेटावर वीस घरांचं चहात साखर किती यावरसुद्धा एकमत होत नाही. तुझ्या प्रश्नावर झालं?" त्यांनी पान उलटलं. "घर क्रमांक सात. हिशेबनीस, डोंबिवली, अदलिया, बायको गाण्याचे क्लास घेते. हे पाटणकर ना? त्यांच्याकडे आम्ही संक्रांतीला गेलो होतो. दोन हिटर होते. माझी साडी जवळजवळ पेटली."

 माझ्या मनात इंग्रजी वाक्यही जुळत नव्हतं आणि मराठीही.

"आणि यात तुझं घर का नाही?"

"आमच्याकडे हिटर आहे," मी म्हटलं.

मॅडमनी अहवाल मिटला. मग अगदी हळू म्हणाल्या, "अगं, तुझ्या स्वेटरला रोज धुराचा वास येतो. पहिल्या बाकापर्यंत येतो. मला वाटलं होतं म्हणूनच तू हा विषय घेतलास."

मी रोज निघताना आईचं अत्तर लावून जायची. म्हणजे वर्गाला इतके दिवस अत्तर लावलेला धूर येत होता.

बनवलेल्या माहितीला शून्य, हा त्यांचा नियम होता. मला त्यांनी आठ दिवस दिले. सगळी घरं पुन्हा विचार, स्वतःचं धर, म्हणजे एकवीस झाली. जे लिहिशील ते त्या माणसाला वाचून दाखव आणि खाली त्याची सही घे. नाहीतर शून्य, आणि शून्य म्हणजे काय हे तुला माहीत आहे. मला माहीत होतं. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले.

हिटर आहे हे मात्र खोटं नव्हतं. अब्बांच्या मालकानं दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांना एक नवा कोरा हिटर दिला होता. तो पलंगाखाली खोक्यातच होता, निळ्या नायलॉनच्या दोरीनं आवळलेला, वर मार्करनं अब्बांचं नाव आणि रत्नागिरी. गल्फमध्ये राहिलेल्यांना हे सांगायला नको. चांगली वस्तू मिळाली की ती आपण वापरायची नसते, ती गावाला न्यायची असते. आमच्या पलंगाखाली गावाला न्यायच्या वस्तूंचं आणखी एक घरच होतं, आमच्या घरापेक्षा पुष्कळ श्रीमंत. पण रत्नागिरीत हिटरचं काय करायचं, हे दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मी तर समाजशास्त्र शिकत होते.

त्या संध्याकाळी मी शेकोटीपाशी सगळं सांगितलं.  मग शरीफचाचा म्हणाले, "म्हणजे आमच्यामुळे पोरीची जागा जाते?" ते एकदम इतके खाली बघायला लागले की मला त्यांचंच वाईट वाटलं.

"मी तर साफ सांगतो, बाईंना गोल आवडला नसेल," पाटणकर काका म्हणाले. "सगळा लाल काय करायचा?"

"काका," मी म्हटलं, आणि मला वाटतं आयुष्यात प्रथमच मोठ्या माणसाला अडवलं, "तुमच्याकडे दोन हिटर आहेत. मग तुम्ही इथे का येता?"

ते अब्बांकडे बघू लागले. अब्बा फळी उकलत राहिले. आई म्हणाली, "सांगा की भावजी. पोरीचं कॉलेज हाय."

"नाव नाही ना घालणार?"

"फक्त घर क्रमांक सात."

"सात म्हटल्यावर बाईंनी ओळखलंच की." त्यांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. "बोंबील," ते म्हणाले. "लिही. इतर. बोंबील. सही मी करीन, पण वाचता येणार नाही अशी."

त्यानंतर सगळं सोपं झालं. शरीफचाचा म्हणाले, त्यांच्या खोलीत सहा जण, पाच केरळचे, माणसं सोन्यासारखी आणि हिटरही आहे, पण दिवस दिवस मराठी शब्द कानावर पडत नाही. पुढचे सात दिवस मी कॉलेजमधून आले की दारोदार फिरले. ह्या वेळी कागद बंद ठेवला आणि आधी सांगितलं की मला चुकीच्या उत्तराला शून्य आहे. एका घरात तान्ह्या बाळाचे कपडे ओलीत वाळत नव्हते. एका म्हाताऱ्याला धुराशिवाय खोकला सुटत नव्हता, असं तो म्हणाला आणि खोकला. उम्म जासिमनं कबूल केलं की मुलानं तीन हिटर आणून दिले आहेत. "हिटर लगाता, तो बहू लोग अपना अपना कमरा में, दरवाजा बंद. मैं लकड़ी जलाता, धुआँ ऊपर जाता, तो वो लोग नीचे आता, मेरे से झगड़ा करने को." ती हसली. "आता तो चाय देता. बैठ जाता." मी हे सगळं लिहिलं आणि तिनं अरबीत सही केली.

चार घरांना खरंच हिटर वापरता येत नव्हता. तिघांना तो घेणं जमत नव्हतं आणि चौथ्या घरात तो लावला की फ्यूज उडायचा. त्यांतल्या तिघांची 'अ'वरची खूण पहिल्यापासून खरी होती. बाकीच्यांच्या प्रेमळ खोट्यात मी ती तीन घरं हरवून टाकली होती. त्या अहवालाबद्दल मला आजही लाज वाटते ती एवढ्याच गोष्टीची, स्वेटरची नाही.

शेवटी आमचं घर राहिलं. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "मला काय विचारतंस, त्यांना विचार. लाकूड ते आणतात." तस्नीमला विचारलं तर ती म्हणाली, "बिकॉज अब्बा लाइक्स इट, ऑब्व्हियसली." तेव्हा सातव्या दिवशी, फळ्या उकलत असताना, मी कागद गुडघ्यावर घेतला.

"अब्बा, आपण लाकूड का जाळतो?"

"तू लिही काय ते. तू शिकलेली."

"तसं चालत नाही. शून्य मिळेल."

"मग लिही, हिटर गावाला न्यायचा हाय."

मी 'इतर'समोर तसं लिहिलं. "रत्नागिरीत थंडी कुठे असते अब्बा?"

त्यांनी पक्कड खाली ठेवली. हसू आलं होतं पण आवरत होते. "नसते," म्हणाले. मग फळीकडेच बघत, "आमच्या वर्कशॉपात कापलेले तुकडे ढिगानं पडतात. साफ. एक खिळा नाय. मालक म्हणतो ने, कचरा हाय."

"मग ते का नाही आणत?"

"तू आलीस तेव्हा सतरा वर्षांची बाई. मी रोज कामावरनं यायचो नि तू उठून उभी राहायचीस, मास्तर आल्यावर राहतात तशी. काय बोलायचं तुझ्याशी? पहिल्या थंडीत चुकून एक पॅलेट आणलं. तू खिळे काढायला बसलीस. तासभर लागला. तेवढ्यात तू मला तुझ्या शाळेचं सांगितलंस, कुणाची म्हैस विहिरीत पडली ते सांगितलंस." त्यांनी फळी उलटी केली. "साफ लाकडाला काय, पाच मिनटं लागतात."

 मी एक खिळा धरला होता, तो तसाच धरून राहिले. आतून चुलीपाशी उभी असलेली आई म्हणाली, "आणि मी दोन वर्षं राखेत लोहचुंबक फिरवतेय ती?"

"तुला कोण सांगतंय," अब्बा म्हणाले. "एवढे काढून राहतात ते राहतात."

"साफ लाकूड असतं तर राहिले असते काय?"

त्यांच्यात पुढे बराच वेळ ते चाललं. मी खोलीत जाऊन इंग्रजी वाक्यं जुळवायला बसले. त्या रात्रीच्या जेवणापर्यंत अर्धं पान झालं. समाजशास्त्राच्या पुस्तकात या कारणाला काही नाव असेल तर मला ते सापडलं नाही, म्हणून मी ते घडलं तसंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी जुम्मा, अब्बांना सुट्टी. दुपारच्या जेवणानंतर मी पान घेऊन त्यांच्यासमोर बसले. मॅडमचा नियमच होता, वाचून दाखवायचं. मी इंग्रजीवरून बोट फिरवत मराठीत सांगत गेले. घर क्रमांक एकवीस. कुटुंबप्रमुख सुतार. घरात एक न वापरलेला हिटर. उत्तर देणारा खिळे नसलेलं लाकूड मिळत असूनही खिळ्यांचं आणतो. अब्बा मान हलवत होते, दुसऱ्याच कुणाची तक्रार ऐकावी तसे गंभीर. पुढे मी वाचलं, "थोरली मुलगी सात वर्षांची असताना उत्तर देणारा कामासाठी परदेशी आला."

"थांब," अब्बा म्हणाले. "सात नाय."

मी थांबले.

"सहा वर्षं आणि आठ महिने. समोरचा दात हलत होता तुझा. मी म्हटलं काढतो, तू काढू दिला नाहीस. मी परत आलो तेव्हा तिथं नवीन आलेला." त्यांनी पान स्वतःकडे ओढलं, कुठे लिहिलं आहे ते बोटानं शोधलं. "हे काय, सात? खोड. नीट लिही. नाहीतर बाई मार्क कापतील."

मी आकडा खोडून वर नीट लिहिला, इंग्रजीत, वर्षं आणि महिने. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन तपासला, शाई वाळेपर्यंत थांबले, आणि मग मराठीत, चौथीच्या वर्गात शिकवतात तशा सुट्या सुट्या अक्षरांत पूर्ण नाव लिहून सही केली.

अहवालाला शंभरात त्रेपन्न मार्क मिळाले आणि माझी जागा राहिली. इंग्रजीच्या चुकांनी सगळी पानं लाल झाली होती. एकविसाव्या घराच्या पानावरही वीसेक चुका होत्या. फक्त त्या खोडून लिहिलेल्या आकड्याच्या बाजूला मॅडमनी बरोबरची एक खूण केली होती, त्या पानावरची एकुलती एक.